मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म तपासायचे कसे: नेमका क्रम आणि नेहमीच्या चुका

मोठी मूळ संख्या हाती आली की बहुतेक जण थेट गुणधर्मांवर उडी मारतात. ही दोन वर्गांची बेरीज होते का, हिचा व्यस्त दशांशात लिहिला तर किती अंकांनी पुनरावृत्ती होते, हिला जुळी आहे का, असे प्रश्न आधी सुरू होतात. तासाभराने लक्षात येतं की संख्याच चुकीची उतरवली होती, किंवा ती मूळ असल्याचं कोणी सिद्ध केलेलंच नव्हतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी संख्या पक्की करा, मग ती मूळ आहे हे सिद्ध करा, मग तिच्यातून १ वजा करून आलेल्या संख्येचे अवयव पाडा. गुणधर्मांचा नंबर त्यानंतर. जवळपास सगळे गुणधर्म त्या अवयवांतूनच निघतात.

उदाहरणासाठी १,००,००,००,००७ घेऊ. दहा अंकी संख्यांमधली ही सर्वांत लहान मूळ संख्या. पुढे तिला "न" म्हणू. २^६४ असं लिहिलं की २ चा ६४ वा घात समजा, आणि "बाकी" म्हणजे न ने भागल्यावर उरणारी बाकी.

## तयारी: साधन तपासून घ्या

साधा कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट या कामाला चालत नाही. स्प्रेडशीट साधारण १५ अंकच नेमके ठेवते, पुढचे शून्य करून टाकते आणि तसं सांगतही नाही. दशांश चिन्हवाल्या संख्या ज्या पद्धतीने संगणकात साठवतात, तिथे २^५३ म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे सलग पूर्णांक नेमके राहत नाहीत. आपला न दहाच अंकी आहे, पण अशा दोन संख्यांचा गुणाकार एकोणीस अंकांपर्यंत जातो. चूक तिथे घुसते.

पायथन, पारी/जीपी किंवा सेजमॅथ यांसारखं मोठे पूर्णांक नेमके ठेवणारं साधन घ्या. पायथनमध्ये तीन गोष्टी पाळा. घात आणि बाकी एकाच फटक्यात काढणारं तीन किमतींचं पॉव फंक्शन वापरा. आधी पूर्ण घात काढून मग भागायला गेलात तर यंत्र बसेल. भागाकाराला दुहेरी तिरकी रेघ द्या; एकेरी दिली की उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक बिघडतात. आणि घातांक कंसात लिहा.

तपासणी: २^६४ ची बाकी ५८,२३,४४,००८ यायला हवी. वेगळं काही आलं तर पुढे जाऊ नका, साधनात किंवा न उतरवण्यात गडबड आहे.

हे कागदावरही पडताळता येतं. १०^९ ला न ने भागलं तर बाकी −७ राहते. म्हणून कुठल्याही मोठ्या संख्येचे शेवटचे नऊ अंक बाजूला काढा, उरलेल्या पुढच्या भागाला ७ ने गुणा आणि तो गुणाकार त्या नऊ अंकांतून वजा करा. उत्तर ऋण आलं तर न मिळवत जा. ही युक्ती पुढे पुन्हा लागेल.

## टप्पा १: संख्या पक्की करा

अंक मोजा. अंकांची बेरीज करा. न ची येते ८, म्हणजे ३ ने भाग जात नाही. शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ बाद. उतरवताना एक शून्य गळलं तर अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून मोजणी आणि बेरीज दोन्ही करायच्या.

संख्या घातरूपात असेल तर अंक लॉगरिदमने मोजावे लागतात, आणि इथे एकाने चुकणारे खूप. सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ घ्या. घातांकाला लॉग २ ने गुणायचं, पूर्णांक भाग घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. लॉग २ ची किंमत ०.३०१०३ घेतलीत तर गुणाकार ४,१०,२४,३२०.५ च्या आसपास येतो आणि अंक ४,१०,२४,३२१ निघतात. हे चूक. ०.३०१०२९९९५६६४ घेतलं तर ४,१०,२४,३१९.९ येतं, म्हणून अंक ४,१०,२४,३२०. लॉगच्या पाचव्या अंकावर गोळाबेरीज केली आणि उत्तर एका अंकाने सरकलं.

## टप्पा २: छोटे विभाजक आधी

१,००० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. बहुतेक संयुक्त संख्या इथेच गळतात आणि पुढचं महागडं काम वाचतं.

न चं वर्गमूळ ३१,६२२ आणि ३१,६२३ यांच्या मध्ये आहे. तिथपर्यंतच्या ३,४०१ मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही तर न मूळ आहे, विषय संपला. संगणकाला हे काहीच नाही. पण संख्या तीस-चाळीस अंकी झाली की हा रस्ता बंद, म्हणून पुढचे टप्पे शिकून घ्यायचे.

चूक: "६ क ± १ या रूपात बसते, म्हणजे मूळ." २५ आणि ३५ सुद्धा त्या रूपात बसतात. २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्या त्या रूपात असते. उलट दिशेने हे खरं नाही.

## टप्पा ३: मिलर–राबिन कसोटी

फर्माची साधी कसोटी बरेच जण पुरेशी मानतात: एखादी संख्या अ पाया म्हणून घ्यायची, अ^(न−१) ची बाकी १ आली की झालं. ५६१ ला ही कसोटी लावा. ५६१ = ३ × ११ × १७, तरीही तिच्याशी सामाईक विभाजक नसलेला कोणताही पाया घ्या, बाकी १ च येते. पाये बदलत बसून उपयोग नाही, कसोटीच बदलायला हवी.

मिलर–राबिन अशी लावा:

१. न − १ मधून २ जितक्या वेळा निघतो तितक्या वेळा काढा. निघालेल्या २ ची संख्या स, उरलेली विषम संख्या द.
२. पाया अ निवडा, अ^द ची बाकी काढा. ती १ किंवा न − १ असेल तर हा पाया पास.
३. नसेल तर बाकीचा वर्ग करा, पुन्हा बाकी काढा. असं जास्तीत जास्त स − १ वेळा. वाटेत न − १ आली तर पास.
४. न − १ न येता १ आली, किंवा वर्ग संपले, तर संख्या नक्की संयुक्त.

५६१ वर पाया २ लावून पाहू. ५६० = १६ × ३५. २^३५ ची बाकी २६३. वर्ग केला की १६६, पुन्हा वर्ग ६७, पुन्हा वर्ग १. इथे सापडली: ६७ चा वर्ग १ देतो, पण ६७ स्वतः १ ही नाही आणि ५६० ही नाही. मूळ संख्येच्या बाबतीत असं होऊच शकत नाही. वर बक्षीस म्हणजे ६६ आणि ५६१ यांचा मसावि ३३, म्हणजे एक विभाजकही हाती आला.

आता न. न − १ = २ × ५०,००,००,००३, म्हणजे स = १. वर्ग करण्याचा प्रश्नच नाही, एकच घात काढायचा. पाया २ घेतला तर बाकी १, पाया ५ घेतला तर न − १. दोन्ही पास. हे दोन निकाल लिहून ठेवा, सहाव्या टप्प्यात लागणार आहेत.

किती पाये पुरेत? न जर ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान असेल तर २, ३, ५, ७ हे चार पाये पास होणं म्हणजे सिद्धताच. ही सीमा उगाच नाही: ३,२१,५०,३१,७५१ = १५१ × ७५१ × २८,३५१, आणि ही संयुक्त संख्या चारही पायांना चकवते. २^६४ पर्यंतच्या कोणत्याही संख्येला २ ते ३७ या पहिल्या बारा मूळ संख्या पाये म्हणून पुरतात. त्यापुढे निकाल फक्त "बहुधा मूळ" असा असतो. यादृच्छिक निवडलेला प्रत्येक पाया संयुक्त संख्येला सोडून देण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश, म्हणून वीस-पंचवीस पाये घेतले की व्यवहारात शंका राहत नाही. पण तिला सिद्धता म्हणू नका.

सावधान: संख्या २^प − १ या रूपात असेल आणि प मूळ असेल तर पाया २ निरुपयोगी. अशी प्रत्येक संख्या, मूळ असो वा संयुक्त, पाया २ ला पास होते. २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९ बघा, आरामात निसटते. तिथे पाया ३ पासून सुरुवात करा, किंवा सरळ खाली दिलेली लुकास–लेमर कसोटी लावा.

## टप्पा ४: न − १ चे अवयव आणि सिद्धता

माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हा टप्पा आहे, आणि लोक नेमका हाच गाळतात.

न − १ चा एखादा मूळ अवयव क असा शोधा जो न च्या वर्गमूळापेक्षा मोठा आहे. मग असा पाया अ हवा की:

- अ^(न−१) ची बाकी १ असेल;
- अ^((न−१)/क) मधून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा न शी मसावि १ असेल.

दोन्ही जमलं तर न मूळ, पुराव्यासकट. आपल्या बाबतीत क = ५०,००,००,००३, आणि (न−१)/क = २. पाया २ घेतला तर २^२ − १ = ३; ३ ने न ला भाग जात नाही हे अंकांच्या बेरजेने आधीच कळलंय. पहिली अट तिसऱ्या टप्प्यातच पुरी झाली: २^क ची बाकी १, म्हणजे तिचा वर्गही १.

पण क मूळ आहे हे कोणी सांगितलं? ही शिडी खालपर्यंत उतरावी लागते. क − १ = २ × ४१ × ४१ × १,४८,७२१. क चं वर्गमूळ २२,३६१ च्या आतच आहे, म्हणजे १,४८,७२१ हा अवयव पुरेसा मोठा. त्याच दोन अटी क साठी लावा. दुसऱ्या अटीतला घातांक ३,३६२ येईल. आणि १,४८,७२१ साठी काही लावायची गरज नाही: त्याचं वर्गमूळ ३८६ पेक्षा कमी, तिथपर्यंत ७६ मूळ संख्या. ७६ भागाकार केले की शिडीचा पाय जमिनीला टेकला.

चूक १: शिडी अर्ध्यावर सोडणं. क "बहुधा मूळ" असेल तर न सुद्धा "बहुधा मूळ"च.

चूक २: दुसऱ्या अटीत मसावि न काढता फक्त "बाकी १ नाही" एवढं पाहणं. न मूळ आहे हे अजून सिद्ध व्हायचंय, म्हणून मसाविच काढायचा.

चूक ३: इथे चुकीचं हत्यार उचलणं. (न − १) चं फॅक्टोरियल काढून तपासणारी विल्सनची कसोटी बरोबर आहे, पण दहा अंकी संख्येलाही अब्जावधी गुणाकार मागते. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांची २००२ ची एकेएस कसोटी सिद्धांत म्हणून मोठी आहे, पण रोजच्या कामाला फार संथ. न − १ चे अवयव पडतच नसतील तर इलिप्टिक कर्व्हवर आधारलेली ईसीपीपी पद्धत वापरा. तीही पडताळता येणारं प्रमाणपत्र देते.

### २^प − १ साठी वेगळी वाट

आधी प मूळ आहे ना, ते पाहा. नसेल तर २^प − १ मूळ असूच शकत नाही. मग विभाजक शोधताना सगळ्या संख्या धुंडाळू नका. प विषम मूळ असेल तर विभाजक २कप + १ या रूपातलाच असतो (इथे क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या), आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च राहते. २^३१ − १ म्हणजे २,१४,७४,८३,६४७ साठी या चाळणीतून वर्गमूळापर्यंत फक्त ३७३ उमेदवार उरतात.

त्यानंतर लुकास–लेमर: ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने भागून बाकी घ्या. हे प − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी प = ७, पायऱ्या ५: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. २,०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १,७३६ उरतात. संयुक्त. सुरुवातीचा ४ पायरी म्हणून मोजला की एक पायरी कमी पडते, आणि १२७ सारखी मूळ संख्याही संयुक्त ठरते.

"बहुधा" आणि "नक्की" यांतला फरक मोठ्या शोधांतही पाळला जातो. २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ११ ऑक्टोबर २०२४ ला आधी "बहुधा मूळ" म्हणून पुढे आली. दुसऱ्या दिवशी वेगळ्या यंत्रावर लुकास–लेमरने ती पक्की झाली.

## टप्पा ५: ४ आणि ८ ने भागून पाहा

दोन साधे भागाकार, पण बरंच काही सांगतात.

न ला ४ ने भागलं की बाकी ३. म्हणजे न दोन पूर्ण वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. शोधत बसू नका. बाकी १ असती तर ती नक्की झाली असती, आणि एकाच प्रकारे.

न ला ८ ने भागलं की बाकी ७. ही बाकी १ किंवा ७ असेल तरच अशी संख्या सापडते जिच्या वर्गाला न ने भागल्यावर २ उरतात. आपल्याकडे ती ५,९७,१३,६००. कागदावर पडताळू: तिचा वर्ग ३५६५७१४०२४९६००००. शेवटचे नऊ अंक ०२४९६००००, पुढचा भाग ३५,६५,७१४. सात पट केली की २,४९,५९,९९८. २,४९,६०,००० मधून ती वजा केली की उरले २. दुसरं उत्तर न मधून पहिलं वजा करून, ९४,०२,८६,४०७.

४ ने भागल्यावर बाकी ३ असेल तर असं "वर्गमूळ" अ^((न+१)/४) या सूत्राने मिळतं.

सावधान: वर्गमूळ अस्तित्वात नसलं तरी हे सूत्र काहीतरी आकडा देतंच. ५ घालून पाहा: येणाऱ्या आकड्याचा वर्ग ५ देत नाही, −५ देतो. उत्तराचा वर्ग करून पाहिल्याशिवाय ते वापरू नका.

## टप्पा ६: घातांचं चक्र आणि दशांशाची पुनरावृत्ती

अ चे घात काढत गेलो की बाक्या कधीतरी १ वर येतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. चक्राची लांबी नेहमी न − १ ची विभाजक असते, म्हणूनच चौथ्या टप्प्याचा एवढा आग्रह. लांबी न − १ इतकीच आहे का हे पाहायला न − १ च्या प्रत्येक मूळ अवयव क साठी अ^((न−१)/क) काढा. एकदाही १ आली नाही तर चक्र पूर्ण, आणि अ हा प्रिमिटिव्ह रूट.

आपल्या न ला हे फार सोपं जातं. न − १ चे मूळ अवयव दोनच, त्यामुळे लांबी १, २, ५०,००,००,००३ किंवा न − १ यांपैकीच असणार. १ आणि २ या लांब्या फक्त १ आणि न − १ याच पायांना मिळतात. बाकीच्यांसाठी एकच घात पुरतो. पाया २ आणि ३ यांना बाकी १ येते, म्हणजे अर्धं चक्र. पाया ५ ला न − १ येते, म्हणजे पूर्ण. सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट ५.

१० = २ × ५, म्हणून १०^५०००००००३ ची बाकी १ × (−१), म्हणजे न − १. चक्र पूर्ण. याचा अर्थ १ ÷ न दशांशात लिहिलं तर १,००,००,००,००६ अंकांनंतर पुनरावृत्ती होते. सुरुवात गमतीशीर आहे. नऊ-नऊ अंकांचे गट पाडले तर ०००००००००, ९९९९९९९९३, ०००००००४८ येतात. चौथा ९९९९९९६५७. आत ७, ४९, ३४३ असे ७ चे घात डोकावतात. ते पुढे एकमेकांत मिसळून ओळखेनासे होतात, तेव्हा सुरुवातीचे अंक पाहून पुढचे सांगायला जाऊ नका.

चूक: पुनरावृत्ती नेहमी न − १ अंकांनीच होते असं धरणं. १ ÷ ७ मध्ये सहा अंक, पण १ ÷ १३ मध्येही सहाच, बारा नाहीत.

## टप्पा ७: शेजारीपाजारी

हे पटकन उरकतं. न + २ = १,००,००,००,००९ मूळ आहे, म्हणजे जुळी जोडी. न − २ चा शेवटचा अंक ५, तो बाद. (न − १)/२ मूळ असल्याने न ही "सेफ प्राइम". २न + १ = २,००,००,००,०१५ ला ५ ने भाग जातो, म्हणून न सोफी जर्मेन प्रकारची नाही. या दोन व्याख्यांची हमखास अदलाबदल होते: सेफ असेल तर (न − १)/२ मूळ, सोफी जर्मेन असेल तर २न + १ मूळ.

## टप्पा ८: नोंद

निकालासोबत साधन, पाये, बाक्या आणि सिद्धतेचा प्रकार लिहून ठेवा. आपल्या संख्येची नोंद अशी होईल:

न = १,००,००,००,००७. मूळ, सिद्ध, शिडी न → ५०,००,००,००३ → १,४८,७२१ (भागाकाराने). न − १ = २ × ५०,००,००,००३. ४ ने बाकी ३, ८ ने बाकी ७. पाया २: बाकी १, पाया ५: बाकी न − १, पाया १०: बाकी न − १. दशांश पुनरावृत्ती न − १ अंक. न + २ मूळ.